पाय उचलता येतो, मग उभे का राहता येत नाही?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट घरच्यांना कोड्यात टाकते. पलंगावर पडल्या पडल्या रुग्ण अधू बाजूचा पाय गुडघ्यात वाकवतो, सांगितले तर थोडा वर उचलूनही दाखवतो. पण त्यालाच उभे केले की गुडघा लटपटतो, अंग एका बाजूला जाते आणि कोणी घट्ट धरले नाही तर तो मटकन खाली बसतो. पायात ताकद आलेली दिसते, त्यामुळे ‘आता फक्त चालवायचा अवकाश आहे’ असे समजून दोन माणसे त्याच्या दोन्ही काखांत हात घालतात आणि त्याला हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावतात. या धडपडीमागची माया खरी असते. मात्र अशा फेऱ्यांत रुग्णाचे वजन धरणाऱ्यांच्या हातांवर राहते, पाय नुसते फरशीवरून ओढले जातात आणि चालण्यासाठी जे शिकायचे असते तेच नेमके राहून जाते.

काय शिकायचे असते हे एकदा ध्यानात आले, की फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला बसण्या-उठण्याचेच व्यायाम पुन्हा पुन्हा का करून घेतात, याचा उलगडा होतो. झोपलेल्या अवस्थेत सगळ्या शरीराचा भार गादीवर असतो आणि पायाला केवळ स्वतःचे वजन उचलायचे असते. उभे राहिल्यावर तेच साठ-सत्तर किलोंचे शरीर दोन पावलांएवढ्या जागेवर पेलावे लागते. चालताना तर ही जागा आणखी कमी होते. निरोगी माणूस नेहमीच्या वेगाने चालत असतो तेव्हा सुमारे ८० टक्के वेळ त्याचा एकच पाय जमिनीवर असतो. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असण्याचा काळ जेमतेम २० टक्के असतो. उजवा पाय पुढे टाकायचा असेल, तर त्याआधी डाव्या पायाने संपूर्ण शरीर पेललेले असले पाहिजे. अधू पाय पुढे टाकणे हे त्या मानाने सोपे काम आहे. चांगला पाय उचललेला असताना अधू पायावर निर्धास्त उभे राहणे हे खरे अवघड काम आहे, आणि पक्षाघातानंतर चालणे परत मिळवण्याचा बहुतेक उपचार या एकाच कामाभोवती फिरतो.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळी अडकल्याने तुटला किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला, की त्या भागाचे काम थांबते. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली तर शरीराची डावी बाजू अधू होते आणि डाव्या भागाला झाली तर उजवी. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. तोल कशामुळे जातो, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. आपण स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये उभे आहोत आणि चालकाने हलकासा ब्रेक मारला, तर फक्त घोट्यांच्या हालचालीने आपण सावरतो. ब्रेक जरा जोरात लागला तर कंबर आणि खुबे विरुद्ध दिशेला जातात. फारच जोरात लागला तर आपण नकळत एक पाऊल पुढे टाकतो. हे सगळे विचार करण्याआधी घडते, कारण डोळे, कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतून येणाऱ्या संवेदना अशा तीन ठिकाणांहून मेंदूला सतत बातमी मिळत असते आणि मेंदू तिची जुळणी करून स्नायूंना आदेश देत असतो. पक्षाघातात या साखळीतल्या एकाहून अधिक कड्या निखळतात. अधू पायाच्या तळव्याखाली फरशी आहे की सतरंजी, हे रुग्णाला नीट कळत नाही; आदेश निघाला तरी स्नायू उशिरा आणि चुकीच्या क्रमाने काम करतात; पोट आणि पाठीचे स्नायू धड सरळ धरून ठेवत नाहीत. मांडीचा स्नायू कितीही बळकट झाला तरी अर्ध्या सेकंदाने उशिरा आकसणारा स्नायू पडणाऱ्या माणसाला वाचवू शकत नाही.

याहून गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे सरळ कशाला म्हणायचे, याचाच मेंदूतला अंदाज बिघडणे. काही रुग्ण बसवल्यावर चांगल्या हाताने पलंगाला रेटा देऊन स्वतःला अधू बाजूकडे ढकलत राहतात आणि कोणी सरळ करायला गेले तर जोराने विरोध करतात. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. ‘बाबा, सरळ बसा ना’ असे दहा वेळा सांगूनही उपयोग होत नाही, म्हणून चिडचिड होते. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये या वर्तनाचे सविस्तर वर्णन केले. पुढे २००० मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, डोळे मिटलेले असताना अशा रुग्णांना आपले शरीर सुमारे १८ अंशांनी कललेले असते तेव्हा ‘आता मी सरळ आहे’ असे वाटते, पण डोळ्यांनी समोरची वस्तू उभी आहे की तिरपी हे मात्र ते जवळजवळ बरोबर ओळखतात. उपचाराची किल्ली याच फरकात आहे. रुग्णाला दाराच्या चौकटीसमोर किंवा खिडकीच्या उभ्या गजांसमोर बसवायचे, त्याचे अंग त्या रेषेशी जुळते का हे त्यालाच डोळ्यांनी तपासायला लावायचे आणि चांगल्या बाजूच्या भिंतीला खांदा टेकवायला सांगायचे. बाहेरून रेटून सरळ केले तर तो अधिकच उलट रेटतो. बहुतेक रुग्णांत हा दोष सहा महिन्यांच्या आत मावळतो, त्यामुळे सुरुवातीचे चित्र पाहून खचून जाऊ नये.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्यांपैकी अनेकांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो. नजर शाबूत असूनही हे घडते. अशा माणसाला डावा पाय टाकायला सांगण्याआधी तो पाय आपला आहे आणि इथे आहे, याची जाणीव करून द्यावी लागते. त्यासाठी घरच्यांनी डाव्या बाजूने येऊन बोलावे, पाण्याचे भांडे डावीकडे ठेवावे, फरशीवर डाव्या पावलाच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावावी. पलंग भिंतीला लावताना डावी बाजू भिंतीकडे जाणार नाही, एवढे जरूर पाहावे.

उपचार कधी सुरू करायचा, याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की महिनाभर पूर्ण विश्रांती हवी, तर काहींना पहिल्याच दिवशी रुग्ण उभा राहिलेला हवा असतो. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या मोठ्या चाचणीत असे आढळले की, पहिल्या २४ तासांत लवकर आणि भरपूर वेळ पलंगाबाहेर काढलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचाराच्या गटापेक्षा काहीशी खालावलेली होती. तेव्हा पहिल्या दिवशी घाई नको. त्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून अनेकदा, पण थोडा थोडा वेळ उठवून बसवणे योग्य ठरते. महिनाभर झोपवून ठेवणे तर सर्वथा घातक आहे, कारण त्यात स्नायू झडतात, सांधे आखडतात, छातीत कफ साचतो आणि पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पाय लटकवून पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसता येणे, ही चालण्याच्या वाटेवरची पहिली मोठी पायरी आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, झटक्यानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना ३० सेकंद विनाआधार बसता येत होते आणि ज्यांच्या अधू पायात थोडी तरी हालचाल होती, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळे, म्हणजे ९८ टक्के, सहा महिन्यांत स्वतंत्रपणे चालू शकतील असा अंदाज निघाला. बसण्याच्या तोलाला एवढे महत्त्व असण्याचे कारण उघड आहे: कमरेवरचे शरीर स्थिर नसेल तर पायांना काम करायला भक्कम आधारच मिळत नाही. म्हणून नुसते बसवून ठेवू नये. बसलेल्या रुग्णाला समोर, बाजूला, तिरपे हात पोहोचवून वस्तू घ्यायला लावाव्यात, त्यातही अधू बाजूकडे झुकून परत मध्यावर यायला लावावे. या काळात आणि पुढेही अधू हाताला धरून ओढू नये. खांद्याचे स्नायू लुळे असताना काखेतून किंवा हाताला धरून उचलल्यास सांधा खाली निसटतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. खांदा दुखणारा रुग्ण व्यायामच टाळू लागतो आणि चालणे मागे पडते.

आता खुर्चीतून उठण्याकडे येऊ. हा व्यायाम इतका साधा दिसतो की घरचे त्याला व्यायाम मानायलाच तयार नसतात, आणि माझ्या मते संपूर्ण उपचारातला तो सर्वांत मोलाचा आहे. डावी बाजू अधू झालेल्या एखाद्या काकूंना खुर्चीतून उठायला सांगितले की काय होते, ते बारकाईने पाहण्यासारखे असते. त्या चांगला उजवा पाय मागे घेतात, डावा पाय पुढे तसाच राहतो, उजव्या हाताने हत्ता धरून स्वतःला वर खेचतात आणि सगळे वजन उजव्या पायावर घेऊन तिरप्या उभ्या राहतात. डाव्या पायाने काहीच केलेले नसते, तो फक्त सोबत आलेला असतो. असे दिवसातून वीस वेळा उठले तर उजवा पाय अधिक बळकट होतो आणि डावा पाय वापरायचा नसतो, हा धडा मेंदू वीस वेळा गिरवतो.

फिजिओथेरपिस्ट त्यात बदल करते तो असा. खुर्ची थोडी उंच घ्यायची किंवा तिच्यावर घट्ट उशी ठेवायची, म्हणजे उठायला कमी जोर लागेल. “काकू, आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरका. आता दोन्ही टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या, डावी टाच उजवीपेक्षा जराशी मागे.” अधू पाऊल मागे असले की उठताना त्याच्यावर भार आपोआप येतो. दोन्ही हात एकमेकांत गुंफून समोर धरायचे, म्हणजे हत्त्यावर रेटा देण्याचा मोह टळतो. “आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्याही पुढे जाऊ द्या, आणि मग उठा.” इथे बहुतेक जण थबकतात. पुढे वाकले तर तोंडावर पडू, ही भीती खरी असते. पण न वाकता उठायला गेले की शरीराचा भार मागेच राहतो आणि माणूस पुन्हा खुर्चीत आदळतो. थेरपिस्ट समोर स्टुलावर बसलेली असते, तिचा एक हात काकूंच्या डाव्या गुडघ्यावर असतो आणि उठतानाच्या नेमक्या क्षणी ती तो गुडघा किंचित खाली, टाचेच्या दिशेने दाबते. त्या दाबाने तळपायाखालची जमीन काकूंना जाणवते. उठल्यावर लगेच ‘शाबास’ म्हणून खाली बसवायचे नसते. सावकाश, तीन-चार सेकंद घेत बसायला लावायचे असते, कारण स्वतःला हळूहळू खाली सोडताना मांडीच्या स्नायूला जे नियंत्रण ठेवावे लागते तेच पुढे पायरी उतरताना कामाला येते. दोन्ही पायांवर सारखा भार येतो का, हे पाहायला घरी दोन वजनकाटे असतील तर प्रत्येक पावलाखाली एक ठेवता येतो. काट्यावरचा आकडा पाहून रुग्ण स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो.

उभे राहण्याच्या सरावाला स्वयंपाकघरातला ओटा फार सोयीचा असतो. समोर ओटा, मागे खुर्ची, अधू बाजूला माणूस, अशी व्यवस्था केली की रुग्ण निर्भयपणे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेऊ शकतो. प्रथम दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग बोटांची टोके, शेवटी आधाराविना. पुढची पायरी म्हणजे चांगला पाय एका बुटक्या पाटावर ठेवून उभे राहणे. एवढ्या साध्या युक्तीने अधू पायावर बरेचसे वजन येते. उभ्या उभ्या मटार सोलणे, धुतलेली भांडी फडताळात लावणे ही कामे दिली तर तोल सांभाळण्याकडचे लक्ष हळूहळू कमी होऊन तो अंगवळणी पडू लागतो. थाळ्या मोजत वजन बदलणे आणि नुसते वजन बदलणे यांत मेंदूच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण प्रत्यक्ष आयुष्यात आपण कधीच फक्त तोल सांभाळत नसतो.

चालणे सुरू झाल्यावर त्याचे वेगवेगळे दोष दिसू लागतात आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते. पाऊल पुढून लोंबते आणि चवडा फरशीला घासतो, याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. घोटा वर उचलणारे स्नायू दुबळे असतात किंवा पोटरीचा स्नायू ताठर झालेला असतो. पाऊल अडकू नये म्हणून रुग्ण कंबर उचलून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून टाकतो. काहींचा गुडघा वजन पडताच मागे खटकन जातो. तसे चालता येते, पण वर्षभरात गुडघा दुखायला लागतो. बहुतेकांचे चांगल्या पायाचे पाऊल आखूड पडते, कारण अधू पायावर फार वेळ उभे राहायची हिंमत नसते. घरच्यांचा नेमका इथेच गैरसमज होतो: त्यांना दोष पुढे जाणाऱ्या अधू पायात दिसतो, ते ‘पाय उचला, पाय उचला’ म्हणत राहतात, आणि रुग्ण आणखी कंबर उचलून पाय फेकतो. ‘उजवे पाऊल जरा लांब टाका’ असे चांगल्या पायाबद्दल सांगितले, तर अधू पायाला थांबून भार घ्यावाच लागतो आणि चाल पुष्कळदा तिथल्या तिथे सुधारते.

फूट ड्रॉपसाठी घोट्याला आधार देणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, ज्याला सगळे ‘एएफओ’ म्हणतात, तो बहुतेकदा उपयोगी पडतो. एएफओ लावला की पाय आळशी होईल, अशी शंका घेऊन तो टाळण्यापेक्षा सुरक्षितपणे भरपूर चालणे अधिक हिताचे आहे. पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे; लष्कराचे आर्टिफिशियल लिंब सेंटर इथे १९४४ पासून आहे आणि पायाचे माप घेऊन स्प्लिंट तयार करणारे तंत्रज्ञ शहरात मिळतात. अडचण येते ती आपल्या घरच्या रीतीची. एएफओ बुटाच्या आत घालायचा असतो आणि आपण घरात पादत्राणे घालत नाही, त्यामुळे तो फक्त बाहेर जाताना वापरला जातो आणि घरातले सगळे चालणे अनवाणी, पाय घासत होते. घरात वापरायला मागे पट्टा असलेला वेगळा बूट ठेवला, तो कधीही उंबरठ्याबाहेर नेला नाही, तर देवघरापर्यंत जायलाही कोणाची हरकत राहत नाही. सपाट चप्पल मात्र नको, कारण अधू पायातून ती कधी निसटली हे रुग्णाला कळत नाही.

काठी चांगल्या हातात धरायची असते. तिची उंची बूट घालून सरळ उभे राहिल्यावर मनगटाच्या रेषेइतकी हवी. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने माणूस वाकतो. चार पायांची काठी अधिक स्थिर असते, पण तिच्यावर रेलायची सवय लागली तर वजन पुन्हा चांगल्या बाजूलाच जाते, म्हणून ती किती काळ वापरायची हे थेरपिस्टने ठरवलेले बरे. जिन्याचा नियम पाठ करून ठेवावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. मदतनिसाने दोन्ही वेळा रुग्णापेक्षा खालच्या पायरीवर उभे राहावे. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या उभ्या लाकडी जिन्यांना धरायला पुष्कळदा नुसता दोर असतो. दोर हलतो, त्यामुळे अशा रुग्णासाठी तो आधार नव्हे. जिन्याला दोन्ही बाजूंनी पक्का कठडा बसवून घ्यावा, कारण चढताना जी बाजू चांगल्या हाताला येते ती उतरताना येत नाही.

किती सराव पुरेसा, हा प्रश्न अवघड आहे, पण आपण करतो तो बहुधा अपुरा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रांत संशोधकांनी सत्रे चालू असताना प्रत्यक्ष मोजले, तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावले टाकली जात होती. निरोगी माणूस दिवसभरात काही हजार पावले टाकतो. मेंदूतल्या शाबूत भागांनी गेलेले काम शिकून घ्यायचे तर तेच काम शेकडो वेळा, थोडे थोडे अवघड करत, करावे लागते. तेलाने मालीश, शेक आणि लोक ज्याला ‘करंट’ म्हणतात तो विद्युत उपचार, यांना आपापली जागा आहे. मालिशीने अंग हलके वाटते. घोटा उचलणाऱ्या स्नायूला चालतानाच नेमक्या वेळी करंट दिला, तर फूट ड्रॉपमध्ये मदत होते. पण रुग्ण स्वस्थ पडून आहे आणि सगळे काही दुसरा कोणी करतो आहे, अशा तासाभरातून तोल शिकला जात नाही. फिजिओथेरपीचा खर्च बेताचाच परवडत असेल तर तो तास उठण्या-बसण्यात, उभे राहण्यात आणि चालण्यात जावा, असा आग्रह घरच्यांनी धरावा.

महागड्या यंत्रांबद्दलही शांतपणे विचार करावा. वजन पट्ट्यांनी पेलून ट्रेडमिलवर चालवण्याच्या पद्धतीची तुलना अमेरिकेत ४०८ रुग्णांच्या ‘लीप्स’ चाचणीत झाली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, थेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेल्या शक्तीच्या आणि तोलाच्या व्यायामांपेक्षा ट्रेडमिल सरस ठरली नाही. ज्यांना अजून उभेच राहता येत नाही त्यांना यंत्रांचा फायदा होऊ शकतो, पण यंत्र परवडत नाही म्हणून आपल्या माणसाचे चालणे हुकले, ही रुखरुख कोणी बाळगू नये. मात्र याचा उलटा अर्थही काढू नये. भारतातल्या १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत नातेवाइकांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करून घेतले गेले. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षात नेहमीच्या देखभालीपेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नाही. मला यातून एवढेच वाटते की मुलाने किंवा सुनेने सगळा भार एकट्याने उचलण्याची अपेक्षा अन्यायाची आहे. सराव घरी व्हावा, पण दर थोड्या दिवसांनी कुशल थेरपिस्टने पाहून तो बदलून द्यावा. सरकारी रुग्णालयांत आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत हे कमी खर्चात होऊ शकते.

सरावात ठेक्याचा उपयोग जरूर करावा. तालावर पाऊल टाकले तर चालीचा वेग आणि दोन्ही पावलांचा सारखेपणा सुधारतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मोबाईलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेका वाजवणारे ॲप, चालतो, पण दरवर्षी पालख्या पाहणाऱ्या पुण्यातल्या घरात ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा संथ गजर आणि टाळ यांहून चांगला ठेका कुठला शोधायचा? सुरुवातीला ठेका रुग्णाच्या स्वतःच्या चालीइतकाच ठेवावा आणि मग किंचित वाढवावा.

प्रगती मोजली पाहिजे, नाहीतर ‘बरे वाटते’ आणि ‘काहीच फरक नाही’ यांच्यामध्ये घर हेलकावत राहते. तोल मोजण्यासाठी १९८९ मध्ये कॅनडात तयार झालेल्या बर्ग मापनात बसणे, उठणे, वळणे, जमिनीवरून वस्तू उचलणे अशी १४ कामे असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. पंचेचाळीसच्या खाली गुण असतील तर पडण्याचा धोका अधिक मानून काळजी घ्यावी लागते. घरी मोजण्याजोगी गोष्ट म्हणजे वेग. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा बहुतेक घरापुरता चालतो, ०.४ ते ०.८ मीटर वेग असणारा बाहेर थोडेफार जाऊ शकतो आणि ०.८ च्या पुढे गेल्यावर बाहेरचे व्यवहार बऱ्यापैकी जमतात. याचा रस्त्यावरचा अर्थ असा: १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला निरोगी माणसाला दहा सेकंद लागतात, तर ०.४ मीटर वेगाच्या माणसाला ३० सेकंद. पुण्यातल्या गाड्या तेवढ्या थांबत नाहीत, म्हणून घराबाहेरचा पहिला सराव सकाळी लवकर, सोसायटीच्या आवारात किंवा एखाद्या उद्यानाच्या सपाट वाटेवर करावा. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि उंच पदपथ त्यानंतर, आणि थेरपिस्टला सोबत घेऊन.

पक्षाघातानंतर पडणे फार सामान्य आहे आणि ते बहुधा घरातच, वळताना किंवा बाथरूममध्ये घडते. सैल पायपुसणी काढून टाकावीत, फरशी कोरडी ठेवावी, पावसाळ्यात दाराशी जास्त जपावे, कमोडशेजारी चांगल्या हाताला येईल असा स्टीलचा दांडा भिंतीत बसवावा आणि रात्री दिवा लावून ठेवावा. चालत असताना रुग्णाला प्रश्न विचारू नयेत. बोलायचे झाले की जो थांबतो, त्याचे सगळे लक्ष अजून तोलातच गुंतलेले असते. पडल्यास घाईने हात धरून ओढू नये. दुखापत नाही असे पाहून त्याला चांगल्या कुशीवर वळवावे, कोपरावर उठवावे, गुडघ्यांवर आणावे, समोर भक्कम खुर्ची ठेवून चांगले पाऊल पुढे घेत उठू द्यावे. जमिनीवरून उठण्याचा हा सराव पडण्याआधीच करून ठेवला तर भीती निम्मी होते, आणि पुढे कधी पूजेला किंवा पंगतीला खाली बसायची इच्छा झाली तर तोच उपयोगी पडतो.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि सहा महिन्यांनंतर मंदावतो, पण थांबत नाही. वर्षानंतरही नेमका सराव केलेल्यांचा वेग आणि तोल वाढलेला दिसतो. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, धाप लागली तर लगेच थांबावे. पोटरी सुजून दुखू लागली तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. चेहरा वाकडा होणे, हातापायाची शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही नव्याने दिसले तर १०८ क्रमांकाला फोन करून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध बहुधा साडेचार तासांच्या आतच देता येते. सगळे सुरळीत असले तरी दर काही महिन्यांनी थेरपिस्टकडे जावे आणि जाताना एएफओ, रोजचे बूट व काठी बरोबर न्यावी. स्प्लिंटचे पट्टे सैल होतात, पायाची सूज कमी झाल्यावर माप बदलते आणि काठीच्या टोकाचे रबर झिजून गुळगुळीत होते.